जैबुन्निसाच्या गाडीतली खडखड

जैबुन्निसा गाडी चालवायला शिकली ती साठीला टेकल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं गाडीची वाट बघण्यात गेली होती. नवरा मस्कतला, पुढे मुलगा फैझान दुबईला. घरात कशाची कमी नव्हती, पण मुरूडच्या बाजारात जायचं तर कुणाची तरी रिक्षा रिकामी व्हायची वाट बघायची. दवाखान्यात जायचं तर पुतण्याला फोन. खाडीपलीकडे श्रीवर्धनच्या वाटेवर मुलगी यशरा दिली होती. तिच्याकडे जायचं तर आधी पुतण्याला वेळ हवा, मग आगरदांड्याहून बोट मिळायला हवी आणि दिघीला उतरल्यावर जावई मोकळा हवा. यातलं एक जरी बिनसलं तरी यशरासाठी उकडलेली सांदणं शेजारच्या पोरांच्या पोटात जायची.

नवरा वारल्यानंतरच्या रजेत फैझानने एक जुनी गाडी घेतली. लहानशीच, पांढरी, ऑटोमॅटिक. दुबईत त्याला तसलीच सवय झाली होती. "रजेवर आलो की लागते," म्हणाला. रजा संपली तशी गाडीवर ताडपत्री टाकली आणि चावी अम्मीच्या हातात देऊन म्हणाला, "आठवड्यातून एकदा चालू करून ठेव. नाहीतर बॅटरी बसेल."

जैबुन्निसाने इमानाने आठवड्यातून एकदा गाडी चालू केली. मग दोनदा. मग एक दिवस ती गाडी नारळाच्या झाडापासून विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. शेजारचा इक्बाल कुंपणावरून बघत होता. त्याने मस्कतमध्ये उभं आयुष्य ड्रायव्हरकी केली होती आणि आता त्याला घरात कुणी विचारत नव्हतं.

"जैबून, विहिरीत घालशील!"

"मग शिकव ना. नुसता बघत काय बसलास?"

इक्बाल लगेच कुंपण ओलांडून आला. "हे बघ, सोप्पं हाय. डी म्हणजे दुबई. आर म्हणजे रिटर्न तिकीट. पी म्हणजे पलंग, गाडी झोपली. एन म्हणजे ना इकडं ना तिकडं, तिथं कधी ऱ्हायचं न्हाय."

"अन् क्लच?"

"क्लच न्हायच. डाव्या पायाला सुट्टी."

हे ऐकून जैबुन्निसाचा जीव भांड्यात पडला. तिचा डावा गुडघा कधीचाच रुसलेला होता. जिना चढताना तो वेगळा विचार करायचा आणि ती वेगळा. डाव्या पायाला सुट्टी देणारी गाडी म्हणजे तिला आपल्यासाठीच बनवलेली वाटली. पेणला जाऊन तिने परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं आणि घरी येऊन त्याचा फोटो फैझानला पाठवला. फैझानने आधी हसण्याचं चित्र पाठवलं आणि मग फोन करून विचारलं, "अम्मी, हे खरं आहे?"

त्यानंतरची दोन वर्षं मजेत गेली. जैबुन्निसा आपल्या मैत्रिणीला, रखमाला, बाजूला बसवून बाजारात जाऊ लागली. रखमा दार घट्ट धरून बसायची आणि समोरून एसटी आली की डोळे मिटायची. दर आठवड्याला जैबुन्निसा बोटीवर गाडी घालून यशराकडे जायची. आगरदांड्याच्या बोटीवर तर तिचं नाव झालं. त्या बोटीवर गाडी उलटी चढवावी लागते, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. भले भले मुंबईवाले तिथे घामाघूम व्हायचे. बोटीवर गाड्या लावून घेणारा दत्तात्रेय, ज्याला सगळे दत्तू म्हणत, शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचा. जैबुन्निसा मात्र त्याच्या शिट्टीसरशी मागे, पुढे, मागे करत गाडी अशी बसवायची की बाजूच्या गाडीत आणि तिच्यात फक्त आरसा मावावा.

"बघा!" दत्तू पुणेकरांना सुनवायचा. "आमच्या खालाकडं बघा अन् शिका!"

खाला तेव्हा उगाच डोक्यावरची ओढणी सारखी करायची. आयुष्यात तिचं कौतुक पुष्कळ झालं होतं, पण ते सगळं कोळंबीच्या भाताबद्दल.

आणि मग खडखड सुरू झाली.

आधी अगदी बारीक. गाडी नुसती चालू करून उभी असली की बॉनेटखालून कुठून तरी 'खड-खड-खड' यायचं. रिकाम्या डब्यात चमचा राहून गेल्यासारखं. गिअरची दांडी डीमध्ये टाकली की आवाज जाड व्हायचा, घोगरा व्हायचा. जैबुन्निसाने रेडिओ लावून बघितला. आठवड्याभरात आवाज रेडिओच्या वर गेला. सोबत थरथर आली. सीट हलायची, स्टिअरिंग हलायचं, आरशात मागचा रस्ता हलायचा. रखमा म्हणाली, "गे बाय, ही गाडी हाय का पिठाची गिरण?"

जैबुन्निसा गाडी घेऊन अलिबागला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे तिला थंडगार हवेच्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. एका शर्ट खोचलेल्या मुलाने बॉनेट उघडून कान दिला, मान हलवली आणि आत येऊन सांगितलं, "मॅडम, इंजिनचं बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल. या गाडीला एवढा खर्च करण्यात अर्थ नाही."

त्याने हे तिला सांगितलं आणि मग फोनवर फैझानलाही सांगितलं. फैझानला जरा जास्त वेळ सांगितलं.

संध्याकाळी फैझानचा फोन आला. "अम्मी, विकून टाकू. ओंकार म्हणून एक जण आहे अलिबागला, जुन्या गाड्या घेतो. आहे तशी घेईल. पुढच्या रविवारी येतो म्हणालाय."

"अन् मी यशराकडं कशी जाऊ?"

"पुतण्याला सांग ना. आधी जायचीसच की."

जैबुन्निसाने फोन ठेवला. पुतण्या वाईट नव्हता. नेहमी हो म्हणायचा. फक्त हो म्हणण्याआधी थोडा थांबायचा, आणि तेवढं थांबणं तिला आता पुन्हा नको होतं.

दुसऱ्या दिवशी रखमाने सुचवलं, "आमच्या दीक्षाकडं दाखवून बघ ना."

दीक्षा म्हणजे रखमाच्या भावाची, रत्नपाल गुरुजींची मुलगी. डिप्लोमा करून ती पनवेलला एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागली होती. तिथे तिला गाड्यांना हात लावू देण्याऐवजी गिऱ्हाइकांशी गोड बोलायला काउंटरवर बसवलं. दीक्षाला गोड बोलणं जमत नव्हतं. ती नोकरी सोडून घरी आली आणि मुरूडच्या रस्त्याला वडिलांच्या घरासमोर पत्र्याची शेड घालून, सिमेंटचा खड्डा बांधून तिने गॅरेज काढलं. आतापर्यंत तिच्याकडे स्कूटर, रिक्षा आणि एक आइस्क्रीमची गाडी एवढंच आलं होतं.

जैबुन्निसाची गाडी शेडसमोर खडखडत उभी राहिली तशी दीक्षा हातातली स्कूटर टाकून उठली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जैबुन्निसाला थोडा रागच आला. आजारी माणूस बघून डॉक्टरने हसावं तसं.

"खाला, बंद करू नका! चालूच ठेवा. हा आवाज तर..." दीक्षाने बॉनेट उघडलं. एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि मुठीला कान लावला. इथे टेकव, तिथे टेकव. पुढून मागे, वरून खाली. मग म्हणाली, "अलिबागवाले काय म्हणाले?"

"इंजिन गेलं."

"खड्ड्यात उतरून बघितलं त्यांनी?"

"चहा दिला."

ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले रत्नपाल गुरुजी हसले. "चहावरून निदान होत नाही, जैबूनबाई. पोरीला बघू दे."

दीक्षाने आधी पुढचा पट्टा काढला आणि गाडी चालू केली. खडखड तशीच. म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या कशाचाच हा आवाज नव्हता. मग तिने जैबुन्निसाला जवळ बोलावलं. "खाला, इकडं या. हे चार सिलिंडर. मी एकेकाची वायर काढते. जर बेअरिंग गेलं असेल ना, तर त्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज मऊ पडणार. त्याच्यावरचा दाबच गेला ना. तुम्ही कान द्या."

जैबुन्निसाने ओढणी कानामागे सारली आणि कान दिला. पहिली वायर निघाली. गाडी लंगडली, आवाज तोच. दुसरी. तोच. तिसरी, चौथी.

"काय?"

"तेच वाजतंय. काय बी फरक न्हाय."

"मग इंजिन कशाला गेलं असेल?" दीक्षा म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. "तेल काढून बघू. बेअरिंग झिजलं तर तेलात चमकी दिसते."

तेल काढलं. काळं होतं, पण बोटावर चोळलं तर चमकीचा कण नव्हता. जैबुन्निसाने आपल्याही बोटाला लावून बघितलं. फैझानच्या वेळी दाईचंही तिने एवढं ऐकलं नव्हतं.

"आवाज मागून येतोय," दीक्षाने हात पुसत सांगितलं. "इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो, त्या मधून. साध्या गाडीत तिथं क्लच असतो. तुमच्या गाडीत त्याच्या जागी तेलाने भरलेला एक मोठा गोल डबा असतो. कन्व्हर्टर. आणि इंजिनला तो डबा जोडायला मधे एक पातळ पोलादी ताट असतं. त्याला फ्लेक्सप्लेट म्हणतात. इंजिन ताटाला फिरवतं, ताट डब्याला फिरवतं, डबा गिअरबॉक्सला."

"एवढी मोठी गाडी एका ताटावर?"

"पातळ ताटावर. आपल्या भाकरीच्या तव्यापेक्षा फार जाड नाही."

गाडी खड्ड्यावर घेतली. दीक्षा खाली उतरली. रत्नपाल गुरुजींनी वर्तमानपत्र ठेवलं आणि बॅटरी हातात घेतली. "मी उजेड धरतो," ते म्हणाले. "बाकी जबाबदारी घेत नाही."

"आप्पा, माझ्या तोंडावर नको, वर धरा!"

खालून एक छोटं पत्र्याचं झाकण निघालं. आत ताटाची कड दिसू लागली. दीक्षाने आधी ताट आणि डबा जोडणारे बोल्ट तपासले. तिला खात्री होती की एखादा ढिला निघणार. सगळे घट्ट होते. दीक्षा थोडी हिरमुसली. मग तिने गुरुजींच्या खिशातून खडू मागितला. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी गुरुजींच्या खिशात खडू असायचाच. झाकणाच्या तोंडाशी तिने खडू स्थिर धरला, ताटाच्या अगदी जवळ, पण न टेकवता.

"खाला, पुढं त्या पुलीच्या बोल्टला पाना लावलाय. तो हळूहळू फिरवा. इंजिन हाताने फिरू दे."

जैबुन्निसाने बाह्या सारल्या. पाना जड होता, पण मसाला कुटलेले हात होते. ताट संथ फिरू लागलं. अर्ध्या फेरीत खडू मोकळा राहिला आणि अर्ध्या फेरीत ताट येऊन त्याला घासून गेलं. सरळ असतं तर खडू एकतर सगळीकडे टेकला असता नाहीतर कुठेच टेकला नसता. इथे अर्ध्या कडेवर पांढरी रेघ उमटली होती आणि अर्धी कोरी होती.

"डुलतंय!" खड्ड्यातून दीक्षाचा आवाज आला. "ताट डुलतंय, खाला! आप्पा, बघितलंत?"

"मला तुझं डोकं दिसतंय फक्त," गुरुजी म्हणाले.

आता ते का डुलतंय, हा प्रश्न होता. दीक्षाचा पहिला तर्क असा की पूर्वी कधीतरी कुणी गिअरबॉक्स उतरवून परत बसवताना मधली खुंटी बसवायला विसरला असणार. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत राहावेत म्हणून दोन पोकळ खुंट्या असतात. एक जरी नसली तरी दोघं जरासे वाकडे बसतात आणि ताटाला पीळ बसतो. हे तिने इतक्या ठामपणे सांगितलं की जैबुन्निसाने त्या विसराळू मेकॅनिकला मनातल्या मनात दोन शिव्याही दिल्या. पुढच्या दोन दिवसांत साखळीला टांगून गिअरबॉक्स खाली उतरला आणि दीक्षाने आत बघितलं. दोन्ही खुंट्या आपापल्या जागी होत्या.

"चुकलेच," ती कान पकडत म्हणाली.

पण ताट सापडलं. मधल्या बोल्टांच्या भोवती केसाएवढी बारीक चीर गेली होती, एका बोल्टपासून दुसऱ्यापर्यंत, अर्ध्या वर्तुळात, आणि चिरेच्या कडेला तांबूस गंजाची भुकटी जमली होती. दीक्षाने ताट हातात घेऊन बोटाने टिचकी मारली. पोलाद खणखणायला हवं होतं. हे बद्द वाजलं. जैबुन्निसाने ते हातातून घेतलं आणि स्वतः टिचकी मारली.

"फुटका तवा," ती म्हणाली. "ह्याच्यावर भाकरी बी फुगणार न्हाय."

पनवेलकडून दुसरं ताट आलं. गिअरबॉक्स परत वर चढला. ज्या सकाळी दीक्षाने चावी फिरवली त्या सकाळी जैबुन्निसा शेडच्या खांबाला धरून उभी होती. इंजिन चालू झालं आणि काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण शेजारच्या नारळावरचा कावळा ऐकू आला. रखमाने तर विचारलं, "चालू झाली का न्हाय?"

जैबुन्निसाने आणलेल्या सांदणांचा डबा उघडला. दीक्षाने एक तोंडात टाकलं, पण तिचं लक्ष खाण्यात नव्हतं.

"खाला, ताट असं उगाच फुटत नाही. खुंट्या जागेवर होत्या. बोल्ट घट्ट होते. मग का फुटलं? ते कळलं नाही तर हेही फुटेल. तुम्ही नेहमी जाता तसं एकदा मला घेऊन जा."

"यशराकडं चाललेच हाय. चल."

आगरदांड्याच्या धक्क्यावर गाड्यांची रांग होती. जैबुन्निसाची पाळी आली तशी ती सावरून बसली. बाजूला शिकलेली मुलगी होती आणि दत्तूही बघत होता. आज नीट लावायला हवी. ती उतारावरून उलटी बोटीवर चढली. दत्तूने शिट्टी तोंडात धरली.

"मागं! मागं! येऊ द्या! बस! पुढं घ्या, पुढं! काटा मारा! मागं! बस! पुढं!"

जैबुन्निसाचा हात दांडीवर नाचत होता. आर, डी, आर, डी. गाडी प्रत्येक वेळी 'धप्' करून जराशी नाचायची आणि उलट दिशेला निघायची. शेवटी ती बोटीच्या कठड्याला समांतर, एका फुटावर येऊन थांबली. जैबुन्निसाने दीक्षाकडे बघितलं. कौतुकाची अपेक्षा होती.

दीक्षा बाहेर बघतच नव्हती. ती दांडीकडे बघत होती आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

"खाला! गाडी मागं चालली होती, आणि तुम्ही डी टाकला."

"तो बोलला पुढं."

"तो बोलला. पण गाडी थांबली होती का?"

"थांबून कसं चालेल? मागं रांग हाय. दत्तूच्या शिट्टीसरशी घ्यायला लागतं."

दीक्षाने तिथल्या तिथे तिला समजावलं, हातात सांदणांच्या डब्याचं झाकण धरून. "चाकं एका बाजूला फिरतायत. इंजिन म्हणतंय दुसऱ्या बाजूला फीर. दोघांची ओढाताण कुणाच्या अंगावर? मधल्या ताटाच्या. क्लचच्या गाडीत काय होतं, माणूस क्लच दाबतो, गिअर काढतो, दुसरा टाकतो, तेवढ्यात गाडी आपसूक थांबते. दत्तूदादाची शिट्टी त्या गाड्यांवर तयार झालीये. तुमच्या गाडीत ती उसंत नाहीच. ती तुम्ही ब्रेक दाबून द्यायची. दर आठवड्याला जाता-येता, दर वेळी चार-पाच धपके. दोन वर्षं सोसलं बिचाऱ्याने."

गाडीच्या टपावर टकटक झाली. दत्तू होता. "काय झालं? खालाची गाडी लागली ना झ्याक? मग दीक्षा, तुजं तोंड का असं?"

जैबुन्निसाने काच वर केली.

बोट सुटली. खाडीवरचा वारा आला. पलीकडे दिघीचा धक्का लहानसा दिसत होता. ज्या एका गोष्टीचं सगळ्या बोटीने कौतुक केलं होतं, त्याच गोष्टीने गाडी फुटली होती.

"फैझानभाईंना हे सांगायची गरज नाही," दीक्षा हळूच म्हणाली. "जुनी गाडी, ताट थकलं होतं, एवढं मी सांगते. खोटंही नाही ते."

जैबुन्निसाने विचार केला. सांगितलं तर फैझान म्हणणार, बघ, तूच मोडलीस, विकायलाच हवी. नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर दत्तूलाही सांगता येणार नाही, आणि पुन्हा तेच धपके.

"अलिबागवाल्याने सांगितलं इंजिन गेलं," ती म्हणाली. "फैझानने मानलं, मी बी मानलं. का? तर कुणालाच काय ठाऊक न्हाय म्हणून. आता मला ठाऊक हाय. मग मी कशाला लपवू?"

परतीच्या बोटीवर तिने आपली युक्ती काढली. आरमधून डीमध्ये जायच्या आधी ब्रेकवर पाय आणि मनात पूर्ण बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम. अर्ध्यावर सोडायचं नाही. तेवढ्यात कुठलीही गाडी थांबते. दीक्षाला हे माप एकदम पसंत पडलं.

त्या संध्याकाळी तिने फैझानला सगळं सांगितलं. खडू, खुंट्या, चीर, दत्तू, धपके, सगळं. फैझान ऐकत राहिला. दुबईत मागे कुणीतरी अरबीत ओरडत होतं.

"म्हणजे अम्मी, तूच मोडलीस."

"व्हय. अन् मीच नीट करून घेतली."

"चांगलंय. आता आवाज नाही तर ओंकार बरी बोली लावेल."

जैबुन्निसाने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. गाडी बिघडली म्हणून विकायची होती. आता नीट झाली म्हणून विकायची.

"अम्मी, ऐकतेस ना? तुझ्या काळजीपोटीच म्हणतो..." आणि मग त्याला कुणीतरी बोलावलं.

रविवारी ओंकार आला. तिशीतला, काळा चष्मा, हातात दोन फोन. त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायरला बुटाचं टोक लावलं, बॉनेट उघडायला सांगितलं आणि कान दिला. चष्मा वर केला.

"फैझानभाई तर म्हणाले होते खडखडते."

"खडखडत होती."

"चावी द्या, एक चक्कर मारतो."

"चावी माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुमी बाजूला बसा. चक्कर मी मारते."

ओंकारला वाटलं, गावातच फिरवतील. गाडी आगरदांड्याच्या धक्क्यावर येऊन रांगेत लागली तेव्हा तो म्हणाला, "इकडं कुठं?"

"गाडी घ्यायची तर नीट बघून घ्या. बोटीवर चढताना गाडीची खरी परीक्षा होते."

हे ओंकारलाही पटलं. दत्तूने शिट्टी तोंडात धरली. "मागं! मागं! बस! पुढं!"

जैबुन्निसाने ब्रेक दाबला. गाडी पूर्ण उभी राहिली. तिचे ओठ हलले. मग तिने दांडी सरकवली आणि गाडी लोण्यासारखी पुढे आली.

"ओ खाला! झोप लागली काय?" दत्तू ओरडला. "पुढं, पुढं! मागं! आवरा, बोट सुटायचीय!"

जैबुन्निसाने काच खाली केली. "दत्तू, तू शिट्टी फुंकून गाल फाडून घे. गाडी उभी ऱ्हायल्याबिगर माझी दांडी हलायची न्हाय. अन् आता ज्या कुणाची अशी गाडी येईल ना, त्याला बी तू तसंच उभं करायचंस. न्हायतर तुझ्या शिट्टीने फुटलेली ताटं मी तुझ्या घरी आणून टाकीन."

"कसली ताटं?" दत्तूने विचारलं. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. गाडी जागेवर बसायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला आणि एका पुणेकराने चक्क घड्याळ बघितलं. जैबुन्निसाने ते आरशात पाहिलं आणि ओढणी सारखी केली.

बोट निम्म्यावर आली तोवर ओंकारने एक फोन कानाला लावला होता. "फैझानभाई, गाडी नंबर एक! आवाज नाही, थरथर नाही, गिअर तर कळतसुद्धा नाही. अलिबागला आज तीन गिऱ्हाइकं आहेत माझ्याकडे. आणि खाला काय चालवतात हो! हो, हो, बाजूलाच आहेत. देतो."

"अम्मी? तू बोटीवर काय करतेस?"

"यशराकडं चाललेय."

"आणि ओंकार?"

"तो बी चाललाय. त्याला गाडी लई आवडली." जैबुन्निसाने खिडकीबाहेर बघितलं. "फैझान, तू ऐकलंस ना त्याचं? आवाज न्हाय, थरथर न्हाय, अन् चालवते बी चांगली. मग ह्यातलं तुला काय विकायचंय ते मला सांग."

"पण परत काही मोडलं तर? तू एकटी..."

"मोडलं तर दीक्षाकडं नेईन. माझा गुडघा मोडला तेव्हा तू डॉक्टरकडं नेलास. ओंकारला न्हाय बोलावलंस."

मग फैझान हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने, लहानपणी हरल्यावर हसायचा तसा. "ओंकारला दे फोन."

ओंकार ऐकत राहिला. "पण भाई... हो... पण तुम्हीच तर... बरं." त्याने फोन खिशात टाकला, काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खाडीकडे बघत बसला.

दिघीचा धक्का आला. साखळ्या खळखळल्या, बोटीची फळी खाली टेकली. जैबुन्निसाने गाडी सरळ उतरवली आणि कडेला थांबवली.

"भाऊ, हीच बोट आता माघारी जाते. पायी चढा, दत्तूला माझं नाव सांगा, पुढं बसवील."

"म्हणजे? तुम्ही परत येत नाही?"

"आत्ता कशी येऊ? पोरीच्या सासूने हलवा आणलाय, तळायला थांबलीय माझ्यासाठी." तिने पलीकडे वाकून त्याच्या बाजूचं दार उघडलं. "चला, उतरा लवकर. मासा ताजा असतानाच तळायला पायजे."

ओंकार उतरला. दार त्याने जरा जोरातच लावलं. जैबुन्निसाने गाडी डीमध्ये टाकली, धक्क्याच्या चढावर हलकेच वळवली आणि श्रीवर्धनच्या रस्त्याला लागली.